रानकुत्र्यांच्या मागावर, ख्वाईच्या काठाने

रविवार, मौन

मुंबईहून आदिस अबाबा, तिथून जोहान्सबर्ग आणि जोहान्सबर्गहून दीडेक तासाचं विमान पकडून दुपारी मौनला उतरलो. बोत्सवानातलं हे गाव म्हणजे ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशाचं दार. विमानतळावर चार-सहा जणांची सेसना विमानं ओळीनं उभी, आणि बाहेर पडलं की डांबरी रस्त्यावर निवांत फिरणारी गाढवं आणि शेळ्या. जुलै म्हणजे इथला हिवाळा, पावसाचा टिपूस नाही. तरी गावातून जाणाऱ्या थामलाकाने नदीला पाणी होतं. हे पाणी इथल्या पावसाचं नाहीच. जानेवारी-फेब्रुवारीत अंगोलाच्या डोंगराळ भागात पडलेला पाऊस सपाट वाळूतून, लव्हाळ्यातून वाट काढत महिनोन्महिने सरकत येतो आणि ऐन कोरड्या दिवसांत इथं पोचतो. समुद्राला तो मिळत नाही. वाळूत मुरतो, उन्हात उडून जातो. 2014 साली युनेस्कोनं या प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान दिला तेव्हा त्या यादीतलं ते एक हजारावं ठिकाण होतं.

आम्ही चौघं. मी, नवरा, ताई आणि भावोजी. ताई-भावोजी चंद्रपूरचे, त्यामुळे ताडोबाच्या पाणवठ्यांची नावं त्यांना तोंडपाठ. हा सगळा बेत भावोजींचा, आणि तो सिंहासाठी नव्हता. "सिंह काय, झोपलेलाच दिसणार," हे त्यांचं ठाम मत. त्यांना बघायची होती आफ्रिकेतली रानकुत्री. (तीही बहुतेक वेळ झोपलेलीच दिसतात, पण हे त्यांना इतक्यात कोण सांगणार!)

आपल्याकडे विदर्भात ज्यांना कोळसून म्हणतात ती तांबडी रानकुत्री आणि ही, दोन्ही श्वानकुळातलीच. पण जवळचं नातं नाही. इथल्यांच्या पुढच्या पायाला चारच बोटं असतात. कान मोठे आणि गोल. अंगावर काळा, पांढरा, पिवळट, तपकिरी रंग कसाही शिंपडलेला, आणि कुठल्याही दोघांची नक्षी एकसारखी नाही, त्यामुळे अभ्यासक फोटोवरून एकेकाला ओळखतात. टेमिंक या डच प्राणिशास्त्रज्ञानं 1820 साली त्यांचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, आणि त्याला ती तरसाचीच एक जात वाटली. आता सगळ्या आफ्रिकेत मिळून प्रौढ रानकुत्री साधारण 6,600 उरली आहेत. उत्तर बोत्सवाना हा त्यांच्या शेवटच्या मोठ्या आसऱ्यांपैकी एक.

सोमवार, मौन ते ख्वाई

सकाळी उघड्या लँड क्रूझरमधून निघालो. गाईड पन्नाशीकडे झुकलेला, ख्वाई गावचाच. "दुमेला रा, दुमेला मा," असं एकेकाला म्हणत त्यानं नमस्कार केला (रा म्हणजे साहेब, मा म्हणजे बाई) आणि ताईच्या हातातली पिशवी काढून घेतली. तेवढ्यावर ताईनं त्याला पास करून टाकलं.

शोरोबे गावापर्यंत रस्ता बरा. पुढे वाळू, खड्डे, आणि गाडी हलेल तसे आपण. वाटेत जनावरांच्या रोगराईसाठी घातलेलं लांबच लांब कुंपण लागतं. एका बाजूला गाईगुरं, दुसऱ्या बाजूला रानरेडे. रानरेड्यांकडून गुरांना लाळ्या-खुरकूत होऊ नये म्हणून ही व्यवस्था. बोत्सवानाचं गोमांस युरोपात विकलं जातं, तेव्हा हा विषय तिथं फार गंभीर. जंगलात जाताना कुणी अडवत नाही, परतताना मात्र कच्चं मांस नेता येत नाही.

कुंपणापलीकडे गेल्यावर झाडं बदलली. मोपानेची खुरटी झुडपं, पानं जोडीजोडीनं, फुलपाखरानं पंख मिटावेत तशी. गाडीची चाकं करड्या झुडपांवरून गेली की उग्र, कापरासारखा वास येतो. त्याला इथं वाइल्ड सेज म्हणतात. दोन दिवसांत तो कपड्यांत, केसांत, कॅमेऱ्याच्या पट्ट्यातसुद्धा मुरला.

ख्वाई नदी ही मोरेमी अभयारण्याची हद्द. मोरेमी 1963 साली राखीव झालं, आणि ते सरकारनं नव्हे, बातावाना लोकांनी आपल्या जमिनीवर स्वतः होऊन केलं. शिकारी वाढल्या होत्या, प्राणी संपत चालले होते. त्या वेळी त्यांच्या गादीचा कारभार राजाची विधवा पुलाने मोरेमी बघत होती. ही गोष्ट सगळीकडे कौतुकानं सांगितली जाते, आणि कौतुकाचीच आहे. पण तिला दुसरी बाजूही आहे. त्या जागेत आधीपासून राहणाऱ्या बुकाख्वे लोकांना, म्हणजे नदीकाठच्या सान समाजाला, तिथून उठावं लागलं. ते नदीच्या या बाजूला वसले, तेच आजचं ख्वाई गाव. आता गावाभोवतीच्या जंगलाचा कारभार गावाची संस्था बघते. आपल्या दृष्टीनं फरक एवढा की मोरेमीत गाडी रस्ता सोडून जाऊ शकत नाही आणि अंधार पडायच्या आत बाहेर पडावं लागतं. गावाच्या हद्दीत दोन्हीची मुभा आहे. रानकुत्र्यांच्या मागे जायचं तर ही मुभा हवीच.

मुक्काम तंबूत. बादलीच्या शॉवरला गरम पाणी, रात्री अंथरुणात गरम पाण्याची पिशवी. पाणघोड्यांचं खिदळणं पहाटेपर्यंत चालू.

मंगळवार

रानकुत्री नाहीत. हत्ती पुष्कळ, पाण्यातून उड्या मारत जाणारी लाल लेच्वे हरणं, आणि एक मादी बिबट्या झाडावर. ताडोबात असती तर पंधरा गाड्या लागल्या असत्या. इथं आम्ही एकटेच होतो. भावोजींनी शिष्टाचार म्हणून चार फोटो काढले.

पहाटेची थंडी मात्र कुणी नीट सांगितली नव्हती. पारा पाच-सहा अंशांवर, त्यात उघडी गाडी आणि समोरून वारा. ब्लँकेट, कानटोपी, हातमोजे. दहा वाजता हेच सगळं काढून टी-शर्टवर बसायचं.

संध्याकाळी शेकोटीपाशी भावोजींनी गाईडला विचारलं, इथले लोक पूर्वी रानकुत्र्यांना मारायचे का. तो म्हणाला, गुरं राखणारे मारायचे, आणि साहेब लोकही मारायचे. हे खरंच आहे. विसाव्या शतकात कितीतरी वर्षं आफ्रिकेतल्या संरक्षित जंगलांतसुद्धा रानकुत्र्यांना उपद्रवी ठरवून गोळ्या घातल्या गेल्या. जिवंत सावजाचे लचके तोडतात, म्हणून क्रूर. सिंह गळा दाबून मारतो, म्हणून राजा. भावोजी म्हणाले, आपल्याकडेही तेच. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा येईपर्यंत रानकुत्रा मारणाऱ्याला इनाम मिळायचं. शिकारीसाठी राखलेली हरणं ही खातात, हा राग.

बुधवार

रस्त्यावरच्या मऊ वाळूत ठसे सापडले. गाईड खाली उतरला, बोटानं वाळू चाचपली आणि आम्हाला बोलावलं. चार बोटं, प्रत्येकापुढे नखाची टोचण. तरसाचा ठसा याहून मोठा आणि बेढब, पुढचा पाय मागच्यापेक्षा रुंद. बिबट्याची नखं उमटत नाहीत. हे ठसे रस्त्याच्या मधोमध सरळ रेषेत, लांब ढांगांचे, एकावर एक. "रात्री नाही, आत्ता गेलेत," तो म्हणाला, कारण ठशाच्या कडा अजून ढासळल्या नव्हत्या आणि पहाटेच्या दवाचे बारीक खळगे ठशांनी मोडले होते. रानकुत्र्यांना गाडीरस्ते आवडतात. मोकळी वाट, पायाखाली काटे नाहीत, लांबवर दिसतं. जिथं रस्त्यावर वाहनं वेगानं जातात तिथं हीच आवड त्यांच्या जिवावर उठते.

अर्ध्या तासानं ती दिसली. आधी शेपट्यांची पांढरी टोकं, मग कान. मोठी अकरा. एका नराच्या गळ्यात अभ्यासकांचा रेडिओ पट्टा. या भागात जॉन मॅकनट यांनी 1989 साली रानकुत्र्यांचा अभ्यास सुरू केला तो आजवर चालू आहे, आणि जगाला रानकुत्र्यांबद्दल जे ठाऊक आहे त्यातला मोठा वाटा इथल्याच कळपांचा. आम्हाला बघून एकानंही मान वर केली नाही. मोपानेच्या सावलीत जाऊन सगळी एकमेकांना खेटून आडवी झाली. कुणाचं तोंड कुणाच्या पोटावर. बस्स, झोप.

भावोजींनी मोठी लेन्स लावून तासभर झोपलेल्या कुत्र्यांचे फोटो काढले. नवरा पुस्तक वाचायला लागला. दुपारी जेवून साडेतीनला परत तिथेच येऊन बसलो. तीच झाडं, तीच सावली, फक्त तीन फूट सरकलेली. आणि तिच्याबरोबर कुत्रीही तीन फूट सरकलेली.

साडेचारच्या सुमारास एक तरुण नर उठला. अंग ताणलं, मान खाली, कान मागे, आणि एकेकाजवळ जाऊन तोंड चाटायला लागला. दोघं-तिघं उठली. बारीक चिवचिवाट सुरू झाला. एवढ्या अंगाच्या प्राण्याच्या गळ्यातून पाखराचा आवाज कसा येतो हे ऐकूनही पटत नाही. मग फुस्स. कुणीतरी शिंकलं. परत एकदा. अजून एक. गाईड आमच्याकडे वळून बोटं मोजायला लागला. चार-पाच शिंका झाल्या, मग थांबल्या. तरुण नर थोडा वेळ उभा राहिला आणि मुकाट्यानं परत आडवा झाला.

याचा नीट अभ्यास झालाय. इथल्याच पाच कळपांच्या 68 बैठका नोंदवून 2017 साली तो प्रसिद्ध झाला. निघायचं की नाही हे शिंकांवर ठरतं. कळपाच्या मुख्य जोडीपैकी कुणी पुढाकार घेतला तर तीनेक शिंकांत कळप उठतो. खालच्या पायरीवरच्यानं घेतला तर साधारण दहा लागतात. म्हणजे त्याचंही चालतं, फक्त त्याला जास्त पाठिंबा गोळा करावा लागतो. आमच्या समोर तो कमी पडला. ताईचं म्हणणं, धूळ नाकात गेली असेल. गाईड हसला आणि म्हणाला, मा, थोडं थांबा.

सूर्य झाडांच्या शेंड्यावर आल्यावर मुख्य मादी उठली. डाव्या कानाला खाच, मानेवर पिवळा डाग. ती उठताच सगळी उठली. पुन्हा चिवचिवाट, लोळण, धक्काबुक्की. दोन शिंका मला ऐकू आल्या. तिसरी बहुधा भावोजींच्या शटरच्या आवाजात बुडाली. आणि निघाली.

पुढची वीस मिनिटं नीट सांगता येणं कठीण आहे. कुत्री आधी दुडक्या चालीनं पसरली. डावीकडे इंपाला हरणं फुरफुरली. एकदम सगळीकडे धूळ. एक कुत्रा उजवीकडून गेला, दोन समोरून, बाकीची कुठे ते कळेना. गाडी मोपानेच्या झुडपांतून, आम्ही खाली वाकून, फांद्या डोक्यावरून. इंपाला उडी मारून गाडीच्या नाकासमोरून गेली, तिच्या मागे कुणीच नव्हतं. मग खाडकन आवाज. मोपानेचा तुटका बुंधा टायरात घुसला होता.

गाईडनं शांतपणे जॅक काढला. नवऱ्यानं टॉर्च धरला. अंधारात लांबून "हू... हू..." असा मऊ, खोल आवाज यायला लागला. पांगलेली कुत्री एकमेकांना हाका मारत होती.

रात्री भावोजी खट्टू. शिकार हुकली. सफारीला आलेल्या दहातल्या नऊ जणांना तेच बघायचं असतं, आणि वाहिन्यांवर दाखवतात तसं: सगळा कळप मैलोन्मैल एका हरणाच्या मागे, आळीपाळीनं धावतोय, हरीण थकतंय. मोकळ्या गवताळ मैदानात असं होत असेलही. या झाडीत तसं होत नाही. उत्तर बोत्सवानातल्या एका कळपाला पट्टे बांधून केलेला अभ्यास 2016 साली आला. त्यात दिसलं की इथली कुत्री बहुतेक वेळा सुटी सुटी, छोटे छोटे पाठलाग करतात. एकेकट्याच्या पाठलागांपैकी साधारण 15-16 टक्केच फळतात. रानकुत्र्यांच्या 80 टक्के शिकारी यशस्वी होतात असं जे सांगतात ते सगळ्या कळपाच्या मोहिमेचं, एका कुत्र्याचं नव्हे. कुणा एकाला तरी काही मिळतं, आणि मग ते सगळ्यांचं होतं. कळपाचं बळ धावण्यात कमी आणि वाटून खाण्यात जास्त आहे, असं मला तेव्हा नुसतं वाचून वाटलं होतं.

गुरुवार

सकाळी गाईडनं विचारलं, शिकारीमागे जायचं की बिळावर. भावोजी म्हणाले शिकार, ताई म्हणाली बीळ. गाडी बिळाकडे वळली, हे सांगायला नकोच.

मे-जूनमध्ये इथली रानकुत्री वितात. साधारणपणे मुख्य मादीच विते, आणि एकेका वेळेस दहाच्या आसपास पिल्लं. बीळ स्वतः खणत बसत नाहीत. आर्डव्हार्क (वाळवी खाणारा, जमीन उकरणारा प्राणी) किंवा वॉर्टहॉग (इथलं रानडुक्कर) यांनी खणून सोडलेलं घेतात. एरवी शेकडो चौरस किलोमीटर पालथा घालणारा कळप हे तीनेक महिने त्या बिळाला बांधलेला असतो. म्हणून तर जुलैत आलो. इथल्या गाईडांनी आपापसात ठरवलेलं आहे: पिल्लं बाहेर यायला लागेपर्यंत कुणी जायचं नाही, त्यानंतर एका वेळी दोन गाड्या, लांब उभ्या, इंजिन बंद. हा नियम मला फार पटला. जिथं पैसे देणारा पाहुणा म्हणेल ते होतं, तिथं बिळाभोवती गाड्यांचा फास पडायला वेळ लागत नाही.

बीळ एका जुन्या वारुळाच्या पायथ्याशी. तोंडाशी उकरलेली पांढरट माती, त्यावर बोटभर रुंदीच्या पावलांची दाटी. राखणीला एक मादी, पुढच्या पायांवर हनुवटी टेकून. आजूबाजूच्या फांद्यांवर छोट्या चणीची हूडेड गिधाडं, गुलाबी तोंडं आमच्याकडे वळवून. ही गिधाडं बिळापाशी हमखास असतात, कुत्र्यांची विष्ठा खातात. म्हणजे साफसफाईही परस्पर होते.

पावणेआठला राखणीची मादी ताडकन उठली. आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. कुत्री झुडपांतून एकेक करून आली, तोंडं कानापर्यंत लाल, पोटं टम्म. मुख्य मादी बिळाच्या तोंडाशी गेली आणि आत डोकं घालून एक बारीक, तक्रारीचा वाटावा असा आवाज काढला. आणि बिळातून पिल्लं उसळली. नऊ. काळी-पांढरी, कुठे कुठे पिवळा रंग नुकता उमटायला लागलेला, कान अंगाच्या मानानं भलतेच मोठे. सगळी एकदम मोठ्यांच्या तोंडांवर तुटून पडली. उड्या मारून जबड्याचे कोपरे चाटायला, चावायला लागली.

आमच्यापासून सर्वात जवळ असलेल्या नरानं दोन पावलं मागे घेतली, मान खाली घातली. बरगड्यांखालचा भाग दोनदा आत ओढला गेला, आणि मांसाचे तुकडे वाळूवर पडले. गुलाबी, ओले, चकचकीत, त्यांच्यातून थंड हवेत वाफ निघत होती. तीन पिल्लांनी एकच लांब पट्टी धरली. दोघं एका टोकाला, तिसरं दुसऱ्या. तिसरं मागे मागे सरकत एकदम उलटं पडलं, पण पट्टी सोडली नाही. वास आमच्यापर्यंत आला, आणि तो नुसता मांसाचा नव्हता. रानकुत्र्यांच्या अंगाला स्वतःचाच एक उग्र दर्प असतो. ताईनं स्कार्फ नाकाला लावला, पण डोळे काही हलवले नाहीत.

राखणीच्या मादीनंही एका नराच्या तोंडाशी जाऊन पिल्लांसारखंच केलं. तिलाही मिळालं. मग आम्ही त्याला पाहिलं. सगळ्यात मागे, तीन पायांवर उड्या मारत येणारा एक म्हातारा नर. मागचा डावा पाय वर धरलेला, सुजलेला. गाईड म्हणाला, झेब्र्याची लाथ बसली असेल, दोन आठवडे असाच आहे. तो शिकारीला जातो, पण पोचतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. तो एका मादीजवळ गेला, कान पाडले, तोंड चाटलं. तिनं त्याच्यासाठीही थोडं ओकून दिलं.

"आधी लेकरांची पंगत," ताई हळूच म्हणाली, "मग घर राखणारी, मग आजारी माणूस. वाढपी शेवटी."

पिल्लं मोठी होऊन कळपाबरोबर शिकारीवर जायला लागली की तिथंही पहिला मान त्यांचा असतो. मोठे बाजूला उभे राहून गिधाडांना, तरसांना हाकलत असतात. सिंहांच्या कळपात याच्या नेमकं उलट. छावे उपाशी मरतात आणि नर पोट भरून घेतो. रानकुत्र्यांना क्रूर ठरवणाऱ्यांनी पाठलाग पाहिला आणि परत फिरले. पाठलाग संपल्यावर काय होतं ते पाहायला बिळापाशी बसावं लागतं, आणि बसणं कुणाला नको असतं. माझं तर स्पष्ट मत झालंय की वेळ थोडा असेल तर शिकारीमागे गाडी पळवू नये. परत येणारी कुत्री बघावीत.

भावोजींनी दुपारी कॅमेऱ्यातलं सगळं तपासलं. बुधवारच्या फोटोंत धूळ आणि पार्श्वभाग. गुरुवारचे फोटो त्यांनी ताईला दोनदा दाखवले. तीन पिल्लं आणि एक पट्टी असलेला त्यांच्या बैठकीत लागणार, हे ठरलंय.

शुक्रवार, मोरेमी

लाकडी ओंडक्यांच्या खडखडत्या पुलावरून नदी ओलांडून अभयारण्यात. दुपारी मोकोरोतून, म्हणजे इथल्या लांबट, चिंचोळ्या होडीतून, पाण्यात फेरी. लांब काठी रोवत नावाडी उभा, आपण पाण्याच्या पातळीवर, आणि नखाएवढे बेडूक लव्हाळ्यावर चिकटलेले. ताईला हे सगळ्यात आवडलं.

परतीच्या वाटेवर, नदीच्या गावाकडच्या काठावर, सिंह. पाच माद्या आणि एक नर. अर्थातच झोपलेले. गाईडनं गाडी थांबवली, पण त्याचं लक्ष सिंहांकडे नव्हतं; तो बिळाच्या दिशेला बघत होता. इथून बीळ फार तर तीन किलोमीटर. सिंह रानकुत्र्यांना खात नाहीत, नुसते मारून टाकतात. नैसर्गिक मृत्यूंत सिंहांचा हात सर्वात मोठा, म्हणून जिथं सिंह जास्त तिथं रानकुत्री कमी. कुंपणं घालून जंगल राखलं, सिंह वाढवले, पर्यटक खूश झाले, तरी रानकुत्र्यांची अडचण सुटत नाही ती अशी. त्यांना सिंहांपासून लांब पळायला जागा लागते, आणि ती जागा बहुधा अभयारण्याच्या हद्दीबाहेर असते, जिथं गुरं आहेत, शिकारीचे फासे आहेत, गावातल्या कुत्र्यांकडून लागणारे रेबीज आणि डिस्टेंपरसारखे रोग आहेत.

शनिवार

पहाटे बिळावर गेलो तर कुणीच नाही. गिधाडंही नाहीत.

गाईड उतरला. बराच वेळ वाकून फिरला. बिळाच्या तोंडाशी मोठ्या कुत्र्यांचे ठसे ताजे, आणि पिल्लांचे ठसे रस्त्यापर्यंत गेलेले. मध्ये मध्ये पिल्लांचे ठसे नाहीसे व्हायचे आणि वीस-पंचवीस पावलांवर परत सुरू व्हायचे. तेवढ्यापुरतं कुणीतरी तोंडात उचललं असणार. सिंहाचा ठसा बिळापाशी नव्हता, रक्त नव्हतं. सिंहांचा आवाज रात्री जवळ आला असेल, आणि कळपानं बिऱ्हाड हलवलं.

ठसे रस्ता ओलांडून उत्तरेकडे गेले होते, अगदी स्पष्ट. भावोजी म्हणाले, चला ना, फार लांब गेली नसतील. गाईडनं मान हलवली. पिल्लं घेऊन नवीन बीळ शोधणाऱ्या कळपामागे गाडी नेली तर ती अजून लांब जातील, आणि गाडीमागून तरस येतं. त्याला ठसे वाचता येतात तसे तरसालाही गाडीचे इशारे वाचता येतात. भावोजींनी अजून एकदा विचारलं, या खेपेला इंग्रजीत आणि आदबीनं. "नाही, रा," तो म्हणाला, आणि गाडीच्या बॉनेटवर कॉफी मांडली. कॉफीबरोबर कडक रस्क. चांगले होते.

दहाला मौनकडे निघालो. कुंपणापाशी पहारेकऱ्यानं डबे उघडायला लावले. बुटांचे तळवे औषधाच्या फडक्यावर पुसायचे, गाडीची चाकंही त्या पाण्यातून न्यायची. ताईच्या डब्यात तळाशी उरलेली शेंगदाण्याची चटणी होती. त्यानं वास घेतला, एक शिंक दिली आणि झाकण लावलं. ताई म्हणाली, अजून दोन झाल्या की निघायचं.

कुणी जाणार असाल तर दोन-तीन गोष्टी. गाडी शक्यतो आपली स्वतंत्र घ्या. रानकुत्र्यांपाशी चार-पाच तास बसायला गाडीतल्या सगळ्यांची तयारी लागते, आणि अनोळखी माणसांची ती नसते. हे सगळं स्वस्त नाही. मुक्काम गावाच्या हद्दीतला बघा, म्हणजे रस्ता सोडून जाता येतं. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून घ्या. कानटोपी दोन न्या, एक वाऱ्यानं उडते. आणि जायचं तर जुलैत. ऑगस्ट सरता सरता पिल्लं बीळ सोडतात, कळप पुन्हा मोकळा होतो, आणि मग सगळी भिस्त वाळूतल्या ठशांवर.